माशाच्या पोटात काय असतं?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला काकाडू राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या उबिर नावाच्या कातळावर तिथल्या आदिवासींनी रंगवलेले मासे आहेत. मासा बाजूने दिसतो तसाच काढलेला, पण त्याच्या आतला कणा, काटे आणि पोटातले अवयवही रेषांनी दाखवलेले. अभ्यासक या पद्धतीला क्ष-किरण शैली म्हणतात. उमरेडच्या माझ्या वर्गात या चित्राची मोठी छापील प्रत मी फळ्यावर लावली, तेव्हा बऱ्याच मुलांना तो खाऊन उरलेला काटा वाटला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून पुढे आला, कागदाला नाक लागेल इतका जवळ गेला आणि म्हणाला, "मॅडम, यानं मासा कापून पाह्यला हाय." मग पोटाजवळच्या एका लांबट आकारावर बोट ठेवलं. "हा फुगा. याच्यानं मासा पान्यात वर-खाली होते."

मुलगा ढीवराच्या घरचा. घरची माणसं तलावात जाळं टाकतात आणि मासे साफ करायला हा आईशेजारी बसतो. माझ्या तासाला त्याचा कागद बहुतेक वेळा कोराच राहायचा. बरणी, कपबशी, दुमडलेला रुमाल यांत त्याला काढण्यासारखं काही सापडत नव्हतं. त्या दिवशी उरलेला तास त्यानेच घेतला असं म्हणायला हरकत नाही. मरळ आणि रोहू आतून कसे वेगळे, काटा कुठे दुहेरी असतो, गाभोळी कुठे भरते, हे त्याने खडूने फळ्यावर काढून दाखवलं. रेषा कुठेही अडखळली नाही.

उमरेड नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. एका बाजूला दगडी कोळशाची उघडी खाण, दुसऱ्या बाजूला कऱ्हांडल्याचं जंगल, मध्ये मिरची, सोयाबीन, कापूस. भिवापूरकडे सरकलं की धानाच्या बांध्या लागतात. एके काळी इथल्या कोष्ट्यांच्या रेशीमकाठी धोतरांना नाव होतं. आता ज्या घरात माग होता त्या घरातली मुलंही माझ्यासमोर बसतात, खाणीच्या वसाहतीतलीही बसतात, आणि मिरचीचे देठ खुडायला सातऱ्यावर जाणाऱ्या बायांचीही. मी त्यांना शासकीय रेखाकला परीक्षेसाठी तयार करते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. या परीक्षांनी कित्येक मुलांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत पोचवलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण स्मरणचित्रात 'बाजार' म्हटलं की सगळ्यांच्या कागदावर एकच बाजार येतो, मार्गदर्शक पुस्तकातला. ज्या मुलीची आई दर आठवड्याला बाजारात भाजी घेऊन बसते, तिच्याही कागदावर तोच येतो.

ऑस्ट्रेलियातल्या कातळचित्रांवरून मुलांसाठी एक उपक्रम घ्यावा, ही कल्पना शिक्षकांसाठी फिरणाऱ्या नमुना-कागदांतून आली. त्यांत कांगारूची तयार बाह्यरेषा असते आणि ती ठिपक्यांनी भरायची असते. ठिपके भरायला मुलांना आवडतात, भिंतीवर लावलं की छान दिसतं. तरीही मी तो कागद वर्गात वाटायचा नाही असं ठरवलं, आणि का ते मुलांना सविस्तर सांगितलं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना अशी गोष्ट कळते यावर माझा विश्वास आहे.

त्यांना मी पपुन्या गावाची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या वाळवंटातली ही वस्ती. वेगवेगळ्या जमातींना त्यांच्या जागांवरून आणून सरकारने तिथे ठेवलं होतं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचा चित्रकला शिक्षक तिथल्या शाळेत आला. मुलं वर्गात एक काढतात आणि बाहेर वाळूत बोटांनी गोष्ट सांगताना दुसरंच काहीतरी काढतात, हे त्याच्या लक्षात आलं. वाळूतलं ते शाळेच्या भिंतीवर यावं असं त्याला वाटलं. गावातली जाणती माणसं पुढे आली आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांच्या पूर्वजकथेचं मोठं चित्र रंगवलं. आज जगभर 'ठिपक्यांची चित्रं' म्हणून जी ओळखली जातात, त्यांची सुरुवात इथली. म्हणजे ती गुहेतली नव्हेतच. काकाडूचा मासा आणि वाळवंटातले ठिपके यांच्यात शेकडो कोसांचं अंतर आहे, भाषा वेगळ्या, माणसं वेगळी. शिवाय सुरुवातीच्या काही चित्रांत फक्त दीक्षा घेतलेल्यांनीच पाहावीत अशी चिन्हं आली म्हणून त्या समाजात मोठी नाराजी झाली, आणि पुढे ठिपक्यांचा दाट थर अशा चिन्हांवर पडदा म्हणूनही वापरला गेला. पपुन्याच्या शाळेची ती भिंत १९७४ मध्ये कुणीतरी वरून रंग देऊन पुसून टाकली.

हे ऐकून एका मुलीने विचारलं, "कोनी पुसली?" मी म्हटलं, ज्यांच्या ताब्यात इमारत होती त्यांनी. ती गप्प बसली, पण तिचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. माझंही झालेलं नाही.

वायव्येकडच्या किम्बर्ली भागात वांजिना नावाच्या देवतांची चित्रं कातळावर आहेत. मोठे काळे डोळे, डोक्याभोवती वलय, तोंड नाही. पाऊस आणि ढग त्यांच्या अखत्यारीत. ही चित्रं काढायचा अधिकार वोरोरा, न्गारिन्यिन आणि वुनाम्बल या तीन समाजांचा. दुसऱ्याने ती हौसेने काढलेली त्यांना चालत नाहीत. मी मुलांना एवढंच विचारलं की कुणाच्या देवघरातले टाक आवडले म्हणून आपण उचलून आपल्या कपाटात मांडतो का. उत्तर द्यायची गरज कुणालाच वाटली नाही.

तर कांगारू नाही, ठिपके नाहीत, वांजिना नाही. मग घ्यायचं काय? काम करायची रीत. पायाखालच्या मातीतून रंग काढायचा, हाताशी असलेल्या गवताकाडीची कुंचली करायची, आणि जे आतून-बाहेरून ठाऊक आहे तेच काढायचं. यातली शेवटची अट सर्वांत अवघड होती.

रंगांवर आमचे बरेच दिवस गेले आणि ते सत्कारणी लागले. गेरू किराणा दुकानात मिळतो, पण तो विकत आणायचा नाही असं मुलांनीच ठरवलं. कुणी विहिरीच्या खोदकामातली पिवळी माती आणली, कुणी रस्त्याच्या कामावरचा लाल मुरूम, कुणी आजोळाहून पांढरी माती. चुना मी येऊ दिला नाही, डोळ्यांत गेला तर भाजतो. पाटा-वरवंट्यावर माती वाटायची, बादलीत पाणी घालून ढवळायची, जाड खडे तळाशी बसू द्यायचे आणि वरचं गढूळ पाणी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी त्या भांड्याच्या तळाशी लोण्यासारखा मऊ थर बसलेला असायचा. तोच रंग. शेतातली काळी माती मात्र निराश करून गेली. ओली असताना झकास काळी, वाळली की राखाडी, आणि भेगा पडून पोपडे निघतात. ज्या मातीवर सगळं गाव जगतं ती भिंतीवर टिकत नाही, याचं शेतकऱ्यांच्या मुलांना फार नवल वाटलं.

लाल कमी पडत होता. तेव्हा मी लोखंडी तवा आणि चूल आणायला लावली. वाळवलेली पिवळी माती तव्यावर टाकली आणि उलथन्याने हलवत राहिलो. थोड्या वेळाने कडेचा भाग केशरी झाला, मग विटकरी, मग तवा उतरवला तेव्हा सगळी माती तांबडी. पिवळ्या मातीतल्या लोहखनिजात पाणी बांधलेलं असतं. तापवलं की ते निघून जातं आणि उरतं ते हेमॅटाइट, गेरूला लाल करणारं खनिज. ही युक्ती जगभरच्या गुहांतल्या माणसांना ठाऊक होती. काकाडूच्या जवळच माजेदबेबे नावाचा एक कातळाश्रय आहे. तिथल्या सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीच्या थरांत घासलेल्या गेरूचे तुकडे सापडले आहेत. मुलांना ६५,००० हा आकडा काही सांगत नव्हता. पण तव्यावरची माती आपल्या डोळ्यांसमोर लाल झालेली पाहिल्यावर ते गेरू घासणारे हात त्यांना खरे वाटू लागले.

काळ्या रंगासाठी मुलांनी अर्थातच खाणीतला दगडी कोळसा आणला. लाकडी कोळशाइतका तो मऊ नसतो. कागद ओरखडतो आणि वाटला तर तपकिरी झाक येते. तरी तो वापरायचाच असा हट्ट होता आणि मी तो चालू दिला. त्याला कारणही तसंच होतं. उमरेडचा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या दलदलीतली झाडं. तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच खंडाचे भाग होते. त्या खंडाला भूशास्त्रज्ञांनी आपल्या गोंडांच्या मुलखावरूनच नाव दिलं. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे आपल्याकडच्या कोळशाच्या थरांत मिळतात, तसेच ऑस्ट्रेलियातल्या कोळशाच्या थरांतही मिळतात. मी जगाचा नकाशा कापून भारताचा आणि ऑस्ट्रेलियाचा तुकडा शेजारी ठेवून दाखवला. खाणीत डंपर चालवणाऱ्याचा मुलगा म्हणाला, "म्हंजे तिकडचे पोट्टे अन् आमी एकाच कोळशानं काढतो." मी त्याला दुरुस्त केलं नाही. फारसं दुरुस्त करण्यासारखं त्यात नव्हतंच.

रंग धरून ठेवायला बाभळीचा डिंक रात्रभर भिजवला. डिंक जास्त झाला की रंग चकाकतो आणि तडकतो, कमी झाला की बोटाला येतो. हे प्रमाण कुठल्याही पुस्तकातून सांगता येत नाही, प्रत्येक मातीची भूक वेगळी. उत्तर ऑस्ट्रेलियात झाडाच्या सालीवर चित्रं काढणारे लोक ऑर्किडचा रस वापरत असत आणि बारीक रेषांसाठी लव्हाळ्याच्या काडीची कुंचली. आमच्याकडे शिंदीची आणि बांबूची काडी चावून चावून कुंचल्या झाल्या. वारली चित्रकार अशीच करतात हे मुलांनी कुठेतरी वाचलेलं होतं, स्वतः कधी केलेलं नव्हतं.

आता कातळ. उमरेडच्या आसपास चित्रं काढावीत अशी गुहा नाही, आणि असती तरी मी मुलांना तिच्यावर रंग लावू दिला नसता. शाळेची भिंत सिमेंटची, गुळगुळीत, मातीचे रंग तिच्यावर धरत नाहीत. म्हणून बांबूचे तट्टे आणले आणि त्यांवर मातीचा लेप द्यायचा ठरवला, कुडाच्या भिंतीला देतात तसा. लेप कसा करायचा हे मला नीट येत नव्हतं, पण एका मुलाच्या आजीला येत होतं. त्या आल्या, पदर खोचला आणि पहिल्यांदा आमचा कालवलेला गारा पायाने बाजूला सारला. माती कुटारासोबत भिजत ठेवायची, चांगली मुरू द्यायची, मग शेण. बोटांचे ठसे उठू द्यायचे, फार सपाट करायचं नाही. "सपाट केलं तं भेग पडते." मुलांच्या तळव्यांनी झालेल्या त्या पृष्ठभागावर जे उंचवटे राहिले, ते पुढे फार उपयोगी आले. गुहेतले चित्रकारही दगडाच्या फुगवट्यात प्राण्याचं पोट पाहत असत. आमच्याकडे एका मुलीला मातीच्या गाठीत म्हशीचं वशिंड दिसलं. म्हशीला वशिंड नसतं, असं दुसरीने सांगितलं. मग ते बैलाचं झालं.

सुरुवात हातांनी केली. हात कातळावर ठेवायचा आणि तोंडात धरलेला रंग फुंकरीने उडवायचा, की हाताची रिकामी आकृती मागे राहते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या कार्नार्व्हन घळीत अशा आकृत्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. मातीचा रंग मुलांच्या तोंडात नको म्हणून आम्ही जुने दात घासायचे ब्रश वापरून शिंतोडे उडवले. हाताची खूण ही या मुलांना परकी नव्हती. लग्नघरातले हळदीचे थापे, पोळ्याला बैलाच्या अंगावर उठवलेले गेरूचे पंजे, दिवाळीतले दाराशेजारचे ठसे. फरक एवढाच की आपल्याकडे हात उमटतो आणि तिथे हाताभोवतीचं सगळं उमटतं. मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याच्या सभागृहासारख्या मोठ्या गुहेत एका लहान मुलाच्या हाताचा ठसा आहे, हे मी सांगितलं तेव्हा वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलाने आपला हात पुढे करून "एवढा?" असं विचारलं.

कार्नार्व्हनच्या भिंतीवर नुसते हात नाहीत. बूमरँग आहेत, दगडी कुऱ्हाडी आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तू कातळावर धरून त्यांच्याभोवती रंग उडवलेला. मग आमच्याकडेही वस्तू आल्या. विळा, कुलूप, जेवणाच्या डब्याचं झाकण, मागाचा धोटा, आजोबांचा चष्मा, वडिलांच्या कामावरचं हेल्मेट. हेल्मेट गोल असल्यामुळे त्याची आकृती नीट उठली नाही, पण ज्याने ते आणलं होतं त्याला ते भिंतीवर हवंच होतं. कोळशाच्या रंगात त्याच्याभोवती शिंतोडे उडवले आणि मधला भाग मातीचा ठेवला. धोटा मात्र इतका सुंदर उठला की आम्ही सगळे काही वेळ हात थांबवून पाहत राहिलो. घरात माळ्यावर पडलेली ती वस्तू होती. मुलीच्या वडिलांनी माग चालवला नाही, आजोबांनी चालवला.

मग क्ष-किरण शैलीचा भाग. सूचना एवढीच होती की जे आतून ठाऊक आहे ते काढा. ढीवराच्या मुलाचा मासा सर्वांत आधी झाला. बाकीच्यांना वेळ लागला, कारण आपल्याला आतून काय ठाऊक आहे हे कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. हळूहळू उत्तरं यायला लागली. कोंबडी, अंडं पोटात असताना. वारूळ. विहीर, आतल्या कपारीतल्या कबुतरांसह. खाण, वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, खडक आणि तळाशी कोळशाचा पट्टा, त्यात वळत वळत उतरणारा रस्ता आणि मुंगीएवढे डंपर. हे चित्र ज्याने काढलं त्याचे काका खाणीत आहेत. थरांचा क्रम त्याला पाठ होता.

एका मुलीने हात काढला. मनगटापासून पुढचा मोठा पंजा, बाहेरून पिवळ्या मातीचा, आणि आत हाडांच्या जागी लाल रंग, बोटांच्या टोकांकडे जास्त दाट. तिची आई हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाते. संध्याकाळी घरी आल्यावर हात थंड पाण्यात बुडवून बसते. त्या हाताला आतून काय दिसतं, हे मुलीने काढलं होतं. मी चित्रकला शिकवत आले आहे, बरीच चांगली चित्रं पाहिली आहेत. या चित्रापुढे मला त्या मुलीला शिकवण्यासारखं काही सुचलं नाही, आणि मी तसं तिला सांगितलं.

वाघ अर्थातच आला. कऱ्हांडला जवळ, त्यामुळे वाघाची गोष्ट प्रत्येक घरात. पण ज्याने वाघ काढला त्याने त्याचं पोट रिकामं ठेवलं होतं. मी विचारल्यावर म्हणाला, "आत काय रायते मले नाही मालूम." इतकं प्रामाणिक रिकामं पोट भरायला सांगणं मला शक्य नव्हतं. वाघाच्या मानेवर मात्र त्याने पट्टा काढला होता. तो जय होता. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये इकडे आलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, देशातल्या सर्वांत मोठ्या वाघांत गणला गेलेला जय. एप्रिल २०१६ नंतर तो दिसलाच नाही. मोठी शोधमोहीम झाली, हाती काही लागलं नाही. हा मुलगा तेव्हा फार लहान होता, जय त्याने पाहिलेला नव्हता, पण घरातल्या बोलण्यातून पट्टा त्याच्यापर्यंत पोचला होता.

उबिरच्या कातळावर उंचावर एक पट्टेरी प्राणी आहे, थायलसिन, ज्याला तस्मानियन वाघ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला. तस्मानिया बेटावर उरला होता, त्यातला शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ते चित्र मी त्या मुलाला दाखवलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं आणि आपल्या जयच्या पाठीवरचे पट्टे आणखी गडद केले.

भांडण झालं ते जागेवरून. एकाने दुसऱ्याच्या बैलावर आपला ट्रॅक्टर काढला. रडारड झाली, शिक्षेची मागणी झाली. मी भीमबेटक्याची छायाचित्रं बाहेर काढली. तिथल्या एका कातळावर हत्ती, रानगवे, हरणं, घोडेस्वार असे निरनिराळ्या काळांतले आकार एकमेकांवर चढलेले आहेत. हजारो वर्षांत माणसं त्याच भिंतीकडे पुन्हा पुन्हा आली आणि आधीच्या चित्रावरच काढत राहिली. वर्गाने नियम केला की खालचं दिसत राहिलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या चाकांतून बैलाची शिंगं दिसतील अशी व्यवस्था झाली, आणि माझ्या मते त्या तट्ट्यावरचा तो सर्वांत चांगला कोपरा ठरला.

भीमबेटका जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे आपल्याच भाषेतले, नीमचला जन्मलेले, उज्जैनला राहिलेले. १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना दूरचे ते खडक त्यांना दिसले आणि त्यांनी तिथवर पायपीट केली. ते स्वतः चित्रकार होते, गुहांतली चित्रं हाताने उतरवून घ्यायचे. मुलांना हे माहीत असायला हवं, कारण कातळचित्र म्हणजे फक्त परदेशी गोष्ट असा समज फार लवकर होतो. आणि आपल्या विदर्भाच्या सीमेवरचंच उदाहरण घ्यायचं तर अमरावतीच्या निसर्गप्रेमींच्या एका गटाला जानेवारी २००७ मध्ये मोर्शीच्या पलीकडे, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळजवळ सातपुड्याच्या डोंगरात रंगवलेले कातळाश्रय सापडले. व्ही. टी. इंगोले, पद्माकर लाड आणि त्यांचे सोबती हौसेने डोंगर हिंडणारे लोक. सुट्टीच्या दिवशी पायी फिरत त्यांनी पुढे असे अनेक आश्रय नोंदवले. हे वाचून दाखवल्यावर दोन मुलांनी रविवारी कऱ्हांडल्याच्या बाजूचे दगड पाहून यायचं ठरवलं. जंगलात परवानगीशिवाय जायचं नाही, हे मला कडक शब्दांत सांगावं लागलं.

एक गोष्ट सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी मोठ्या मुलांना सांगितली. पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकन घळ नावाची जागा होती. तिथल्या एका कातळाश्रयात सुमारे ४६,००० वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या केसांची वेणी सापडली होती, आणि आजच्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी तिचं नातं तपासणीत जुळलं होतं. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो कंपनीने लोखंडाच्या खाणीसाठी सुरुंग लावून ती जागा उडवली. कायद्याने परवानगी होती. पुढे संसदेची चौकशी झाली, कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. जागा गेली ती गेली.

उमरेडच्या मुलांना सुरुंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. खाणीत स्फोट झाला की भांडी हलतात. वर्गातल्या बऱ्याच घरांत चूल पेटते ती खाणीच्या पगारावर. त्यामुळे खाण वाईट, असं सोपं वाक्य मी त्यांना देणार नव्हते आणि त्यांनीही घेतलं नसतं. खाणीचं चित्र काढलेला मुलगा म्हणाला, "पह्यले कोनाले विचारलं होतं का?" त्या लोकांनी सांगितलं होतं, जागा वाचवायचा प्रयत्न शेवटपर्यंत केला होता, असं मी म्हटलं. त्यानंतर वर्गात बराच वाद झाला. आपल्या गावात अशी कोणती जागा आहे जिच्याबद्दल आधी विचारायला हवं? कुणी टेकडीवरचं देऊळ म्हणालं, कुणी माजी मालगुजारी (मामा) तलावाची पाळ, कुणी आपल्या मोहल्ल्यातली चिंच. ही यादी मी जपून ठेवली आहे.

पालकांपैकी काहींनी विचारलं की याचा परीक्षेला उपयोग काय. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी आडवळणाने दिलं नाही. मातीच्या रंगांना एलिमेंटरीत गुण नाहीत. पण मुलं आता स्मरणचित्र काढताना आधी थांबतात आणि स्वतःला ठाऊक असलेला बाजार शोधतात, एवढं मी खात्रीने सांगू शकते. भाजीवाल्या आईच्या मुलीच्या बाजारात आता तराजूखाली दडवलेली चिल्लरची पुरचुंडी असते.

पावसाळ्यात तट्ट्यांवरचा लेप कडेने सुटायला लागला. ठेवायचे की सारवून नवीन करायचे, यावर पुन्हा दोन तट पडले. काकाडूतल्या बुरुंगकुय या कातळावर आज जी सर्वांत ठळक चित्रं दिसतात ती नाजोम्बोल्मी नावाच्या चित्रकाराने १९६४ च्या सुमारास रंगवलेली, जुन्या चित्रांच्या जागी. तिथे पुन्हा रंगवणं हीच परंपरा होती. सारवण तर आपल्याही घरात दर दिवाळीला होतं. मुलांनी ठरवलं की हातांच्या आकृत्यांचा तट्टा ठेवायचा, बाकीचे पुढच्या तुकडीला सारवायला द्यायचे, आणि ज्यांना आपलं चित्र घरी न्यायचं असेल त्यांनी तेवढा भाग कापून न्यावा.

मिरचीच्या हाताचा भाग न्यायला ती मुलगी आईला घेऊन आली. आईने चित्र आधी पाहिलेलं नव्हतं. तिने आपला हात त्या पंज्याशेजारी धरला, नीट निरखलं आणि मुलीला म्हणाली, "अंगठ्यापाशी जास्त जळते वो. अन् नखाच्या आत." मुलीने मला रंग मागितला. लाल संपला होता. मग चूल पेटवली, तवा ठेवला आणि पिवळी माती भाजायला घेतली. आई उलथनं हातात घेऊन तव्यापाशी बसली.